कामरेजपर्यंत बोलत गेलेला माणूस

गोडादऱ्याच्या त्या गल्लीत बाई सायकलवर बसली म्हणून कुणी मान वळवून बघत नसे. पण नवरा पुढे हाफ चड्डीवर पळतोय आणि बायको कॅरिअरला पाण्याची बाटली, गूळ नि त्याचा सदरा बांधून मागून पायडल मारतेय, हे गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या सरलाबाई मिश्रीचं बोट तोंडात तसंच ठेवून पुढे आल्या होत्या.

"काय व रंजना, नवरा पळी चालना का? धराले निंघनी?"

"धरीसन काय करू, जिजी? पळू द्या. थकना की घरच येई."

त्यावर गल्ली महिनाभर हसली. पण डिसेंबरातल्या त्या सकाळी कुणी काही विचारलं नाही, कारण वाल्मिक पाटलाच्या खोलीतून भांडण ऐकू येत होतं. म्हणजे रंजनाचा आवाज ऐकू येत होता.

"डॉक्टरले कान दखाडामा तुमनं काय जास?"

"मना कानले काही व्हयेल नही. तूच हळू बोलस."

"मी हळू बोलस? मी?" रंजनानं दाराकडे हात केला. "सरलाजिजी झोपमाईन उठीसन दारमा उनी, इतलं हळू बोलस मी!"

वाल्मिकनं खाली बसून बुटाची नाडी आवळली. नाडी आवळताना मान खाली जाते, आणि मान खाली गेली की समोरच्याचं तोंड दिसत नाही. भांडण संपवायचा त्याचा हा जुना उपाय होता.

सतराव्या वर्षी अमळनेरकडच्या गावातून तो सुरतेला आला आणि आल्या आठवड्यात मागावर उभा राहिला. मागांच्या कारखान्यात गळ्याचा उपयोग नसतो. शेडमधले सगळे लूम एकदम धडधडायला लागले की माणूस कानाशी येऊन ओरडला तरी त्याचा श्वास तेवढा लागतो. म्हणून तिथं सगळे ओठ ताणून, मोठा आ करून बोलतात आणि उरलेलं हातानं सांगतात. चहाला चल म्हणजे अंगठा ओठाशी. शेठ आला म्हणजे मिशीवरून बोट. बारा वर्षांत वाल्मिक या बोलण्यात इतका तरबेज झाला, की शेडच्या त्या टोकाला दोघं त्याच्याबद्दल काय बोलतात ते तो इकडून सांगायचा. कान कधी गेले, हे त्यामुळे त्याला कळलंच नाही.

कळलं ते प्लेगच्या वर्षी. दोन वर्षांपूर्वी, गणपती उठले नि सुरतेत माणसं मरायला लागली म्हणून आवई उठली. निम्मं शहर स्टेशनकडे पळालं, त्यात वाल्मिक, रंजना आणि कडेवरची त्यांची पोर लीलाही. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. तिकिटाच्या खिडकीतला बाबू रुमालातून काहीतरी म्हणाला, वाल्मिकला एक अक्षर समजलं नाही. पोलीस काहीतरी म्हणाला, तेही नाही. कापडातून आवाज दबतो, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग गाडीत रंजना पदर नाकावर धरून बोलत होती आणि तिच्यामागच्या बाकावरचा म्हातारा, तोंडावर उपरणं असलेला, तिला पाठमोऱ्यानंच उत्तर देत होता. दोघांचं छान चाललं होतं. कापड दोघांच्याही तोंडावर होतं. नंदुरबार येईपर्यंत वाल्मिक त्या दोघांकडे बघत राहिला.

तेव्हापासून तो कुणी काहीही विचारलं की 'हां' म्हणायला लागला. हां म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही. एकदा या हां-पायी भूपेंद्र नावाचा जोडीदार त्याची सायकल आठवडाभर घेऊन गेला, एकदा घरमालक गच्चीवर त्याच्याच खोलीवर टाकी बसवून मोकळा झाला. लोक म्हणत, वाल्मिक मोठा भला माणूस, कशाला नाही म्हणत नाही.

पळण्याचंही असंच सुरू झालं. कारखान्यातून घरी तो पळत यायचा, कारण चालताना सोबतचे बोलतात, पळताना बोलत नाहीत. ते बँकेतल्या मुकुंदराव देवांनी पाहिलं. देव पन्नाशीचे, नवसारीच्या एका शाळेत शिकलेले पण घरात अस्सल पुणेरी, रोज सकाळी तापीच्या बंधाऱ्यावर पळणारे. त्यांनी त्याला गाठलं आणि शिकवायला घेतलं. जानेवारीत शहरात मॅरेथॉन व्हायची होती. सुरतेजवळच्या सचिन गावात कापड रंगवायची एक डाइंग मिल होती, तिचा धावणाऱ्यांचा संघ होता. चांगल्या वेळेत जो मॅरेथॉन पुरी करेल त्याला ते संघात घेत आणि गोदामात काम देत.

"गोदामात म्हणजे मशीन नाही?" वाल्मिकनं विचारलं होतं.

"मशीन कुठलं! कापडाचे तागे मोजायचे, शांतपणे. फक्त त्यांचा डॉक्टर तपासतो आधी."

"काय तपासतो?"

"सगळंच रे. छाती, डोळे, कान."

शेवटचा शब्द त्याला देवांच्या ओठांवर इतका ठळक दिसला, की पुढचं वाक्य निसटलं. तेव्हा ठरलं. शांत जागी काम मिळालं तर उरलेला कान वाचेल. तपासणाऱ्या डॉक्टरापुढं ओठ बघून निभावता येईल, पण काम मिळेपर्यंत कान गेलाय हे कुणाला कळता कामा नये. रंजनालाही नाही. रंजनाला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं, पण तोंडानं म्हटलं नाही तोवर ते खरं नाही, असं त्यानं धरलं होतं. लीलाला सरलाबाईंकडे ठेवून ती सायकल घेऊन मागे यायला लागली, पाणी द्यायला म्हणून. पाणी तर त्याला रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात मिळालं असतं.

मॅरेथॉनला तीन आठवडे उरले होते. आजचा फेरा सगळ्यांत मोठा, कामरेज गाठून परत. देवांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, मागे वळून बघायचं नाही, लय मोडते. दुसरी, बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. "सोबत कोणी असेल त्याच्याशी गप्पा मार. धाप लागून वाक्य तुटलं, की समज वेग जास्त झाला."

म्हणून वाल्मिक पळताना रंजनाशी बोलायचा. उत्तराची वाट बघायचा नाही. मागावर पाठमोरं उभं राहून बोलायची सवय होतीच, तार तुटली तर दिसायला हवी म्हणून डोळे कापडावरून काढत नाहीत.

परवत पाटिया गेलं, पुणा गाव गेलं. सरथाणा जकातनाक्यावर पहिलं पाणी. रंजना एक पाय जमिनीला टेकवून उभी राहिली, बाटली दिली, गूळ दिला. सकाळचा राग नाकावर होता. बाटली परत घेऊन कॅरिअरला बांधताना, मान खाली घालून, ती काहीतरी बोलली.

"हां," वाल्मिक म्हणाला आणि निघाला.

नाक्यापुढे हायवे. साखर कारखान्याला उसाचे ट्रक चाललेले, इतके भरलेले की दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला. उन्हं अजून कोवळी होती. डांबर गुळगुळीत होतं, पायाला बरं वाटत होतं.

"रुसनी का?" त्यानं पुढे बघतच विचारलं. "रुस. रुसाले काय लागस. माले डॉक्टरकडे धाडस, आन् डॉक्टरनं लिखीसन दिधं मंग? सचिनवाला काय म्हनतीन? बहिरा पोसाले तेसले काय शनिमहाराजनं सांगेल शे?"

वाक्य न तुटता निघालं. वेग बरोबर होता.

थोड्या वेळानं उजव्या कोपराला वारा फाडून गेल्यासारखा लागला. ट्रक अगदी अंगावरून गेला. धुरळा उडाला, दोन ऊस रस्त्यावर पडले, आणि पुढे जाऊन ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून हलवला, चांगला रागानं. वाल्मिकनंही त्याला हात केला.

"दखं का? सकायमा चढायेल दिखस," तो मागे म्हणाला आणि हसला. उसांवरून उडी मारून पुढे गेला.

नंतर रस्ता मोकळा झाला. पाय आपोआप पडायला लागले. असं क्वचित होतं, की अंग हलकं होतं आणि डोक्यातलं सगळं सैल सुटतं. रंजना बोलत नव्हती. म्हणजे रुसली होती. आणि रुसलेल्या बायकोकडे पाठ करून पळताना माणसाला जे बोलता येतं ते तिच्या समोर बसून येत नाही.

"रंजना, ऐकी ऱ्हायनी का? एक सांगस. मांगे बोलू नको, निस्तं ऐक." त्यानं श्वास घेतला. "डावा कान गया. पुरा. उजवामा जराजरा शे, तेबी जवळ कोनी बोलनं तर. प्लेगनी टाइमले गाडीमा माले समजनं. तू त्या बुढ्याशी बोली ऱ्हायंती ना, तव्हा."

पुढची पावलं त्याला मोजल्यासारखी जाणवली. मागून काही नाही. अर्थात काही असतं तरी त्याला कुठं कळणार होतं!

"लीला पहिलांदा बोलनी, तू माले आवाज दिधा, दखा दखा, बाबा म्हनी ऱ्हायनी. मी हां म्हनं. तिना ओठ दोन खेपे मिटेल माले दिखनात. आवाज मी ऐकाच नही. तिना आवाज कसा शे, माले माहीत नही, रंजना. बारीक शे का? तुनासारखा शे? मी इचारू तरी कसा?"

इथं वाक्य तुटलं. धाप नव्हती लागली, तरी तुटलं. त्यानं मनगटानं तोंड पुसलं नि वेग तसाच ठेवला. कामरेजच्या चार रस्त्याच्या अलीकडची झाडं दिसायला लागली. सांगून झालं होतं. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता फक्त तिचं तोंड बघायचं होतं.

चार रस्त्याला तो थांबला. वळला.

मागे रस्ता होता. रस्त्यावर एक बैलगाडी होती, दूध घेऊन चाललेला एक मोटारसायकलवाला होता. सायकल नव्हती.

आधी त्याला वाटलं, मागे पडली. रागानं मुद्दाम सावकाश येत असेल. तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. बैलगाडी येऊन निघून गेली. रस्त्याच्या टोकाला जे काही हलत होतं ते जवळ आल्यावर ट्रक निघत होतं. मग त्याला तो वारा आठवला, कोपराला लागलेला. ड्रायव्हरचा हात आठवला. आणि तो हात आपल्यावर रागावलेला नव्हता, काहीतरी दाखवत होता, मागे, मागे बघ म्हणत होता, हे त्याला आत्ता दिसलं, जशी कापडातली गाळ, विणीत राहिलेली चूक, उशिरा दिसते, वारभर पुढे विणून झाल्यावर.

तो परत पळायला लागला.

देवांनी शिकवलेलं काही उरलं नाही. पाय कसेही पडत होते. जाताना गुळगुळीत वाटलेलं डांबर आता बुटातून दणके देत होतं. पाणी रंजनाच्या कॅरिअरला, गूळ तिथंच, सदऱ्यातली चार नाणीही तिथंच. चड्डी-बनियनवरच्या घामट माणसासाठी ट्रक थांबत नाहीत. दोन्ही बाजूंना ऊस उभा, माणसाला आत गिळून बसेल एवढा उंच. प्रत्येक वळणाला तो "रंजना!" म्हणून ओरडायचा आणि मग स्वतःवरच चिडायचा, कारण ती ओ देत असली तरी त्याचा काय उपयोग! ओरडायला येतं आणि ऐकायला येत नाही, असल्या माणसानं कुणाला शोधायचं कसं?

समोरून लुनावर एक माणूस आला. डोक्याला पंचा, जाड मिश्या. वाल्मिक आडवा उभा राहिला.

"भाई, सायकलवाली बाई देखी? लीली साडी, हरी?"

माणूस बोलला. मिश्यांखाली काहीतरी हललं. गुजराती होतं, वेगानं.

"हां," वाल्मिक म्हणाला. हां म्हणजे काय? काय म्हणाला हा? आहे म्हणाला, मेली म्हणाला, नाही पाहिली म्हणाला? माणूस लुना सुरू करून निघणार, तेवढ्यात वाल्मिकनं त्याचं हँडल धरलं.

"भाई, मैं बहरा हूँ। सुनाई नहीं देता। हाथ से बताओ।"

माणूस दचकला. मग त्यानं दोन्ही हात हँडलवरून काढले. एक पंजा उभा धरला नि आडवा पाडला. पडली. मग मनगट धरून तोंड वाकडं केलं. मग रस्त्याच्या डाव्या अंगाला बोट दाखवून दोन्ही हातांचं छप्पर केलं. झोपडी. आणि शेवटी, वाल्मिकचा चेहरा बघून, त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली, जिवंत आहे, जा.

तीन आठवड्यांनी ज्या वेगानं पळायचं होतं, त्याच्या कितीतरी पुढच्या वेगानं वाल्मिक ते अंतर पळाला, आणि वाटेत दोनदा ओकला.

ऊसतोड्यांचा पडाव नाक्यापासून लांब नव्हता. पाचटाच्या पाच-सहा झोपड्या, आणि पहिलीला टेकवलेली सायकल, पुढचं चाक इंग्रजी आठासारखं झालेलं. रंजना बाहेर पाचटाच्या ढिगावर बसली होती. उजव्या मनगटाला उसाची दोन चिपाडं लावून लुगड्याच्या चिंधीनं घट्ट बांधलेलं होतं. तिच्या शेजारी नवापूरकडची एक थोराड बाई कोयता मांडीवर घेऊन बसली होती.

"हाऊच का?" त्या बाईनं रंजनाला विचारलं. रंजनानं मान हलवली.

"काय रे भाऊ," बाई वाल्मिकला म्हणाली, चांगलं तोंड उघडून, रागानं बोलणाऱ्याचे शब्द नेहमी स्पष्ट दिसतात, "बायको खड्ड्यात पडनी आन् तू पयत कशाले गेला? कोनी पाठी लागलं होतं?"

"शांतामावशी, ऱ्हाऊ द्या," रंजना म्हणाली.

वाल्मिक तिच्यासमोर उकिडवा बसला. मग गुडघे मातीत टेकले.

"कशी पडनी?"

"नाकावर मी काय सांगं व्हतं? पुढे ट्रका शेतस, कडेना कच्चामाईन पळा. तुम्ही हां म्हनात."

वाल्मिकनं वाकड्या झालेल्या चाकाकडे बघितलं.

"मंग डांबरवरच पळी ऱ्हायनात. मांगेथून ट्रक उना. हॉर्न मारस, मारस, तुम्ही हालत नहीत. मी घंटी वाजाडी. वरडनू. मंग सायकल जोरबन हाणीसन तुमना बनियन धराले गयू. ट्रकवालानी तुमले वाचाडाले चाक फिरावं, आन् मी खड्डामा." तिनं डाव्या हातानं केसातलं पाचट काढलं. "तठून कितला हाका मारनू. तुमना आवाज येई ऱ्हायंता. तुम्ही बोली ऱ्हायंतात. बोलता बोलता लांब चालनात. मी म्हनं, हाऊ माणूस कोणाशी बोली ऱ्हायना?"

"तुनाशी."

"काय बोली ऱ्हायंतात?"

शांताबाई उठून आत गेली. वाल्मिकनं खाली बघितलं, नाडीकडे हात जात होता. तो त्यानं मांडीखाली दाबला आणि वर, तिच्या तोंडाकडे बघत, सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. डावा कान, उजवा कान, गाडीतला म्हातारा. लीलाचं आल्यावर तो थांबला, मग तेही सांगितलं. पाठमोरं सांगताना ते जितकं सोपं गेलं होतं, तितकंच आता अवघड गेलं, एकेक शब्द दातातून ओढून काढावा लागला.

रंजना रडली नाही. फक्त म्हणाली, "घोगरा शे."

"काय?"

"लीलाना आवाज. बारीक नही. घोगरा शे, तुमनी मायसारखा."

उसाच्या एका ट्रॅक्टरनं त्यांना नाक्यावर सोडलं आणि तिथून रिक्षानं ते सरकारी दवाखान्यात गेले. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून दुपार झाली. वऱ्हांड्यात आल्यावर रंजनानं डाव्या हातानं समोरचं दार दाखवलं. दारावर कान, नाक, घसा लिहिलं होतं, बाहेर बाकावर माणसं बसली होती.

"तीन आठवडा थांब," वाल्मिक म्हणाला. "मॅरेथॉन व्हई जाऊ दे. दवाखानाना कागद बनना, तर सचिनवाला माले दारमा उभा करावुत नहीत."

"मना हात दीड महिना असाच ऱ्हाई. तोवर तुमना मांगे कोण?"

गर्दीच्या रस्त्यावर शेकडो माणसांत पळायचं आहे आणि मागून येणारं काहीच कळत नाही, हे आज त्यानं स्वतःच तपासून पाहिलं होतं. कागद झाला तर गोदाम गेलं. गोदाम गेलं तर पुन्हा माग, आणि माग म्हणजे उजवा कानही. कुठल्याही बाजूनं धरलं तरी हातात तेवढंच येत होतं. उद्या देवांना काय सांगायचं, तेही ठरत नव्हतं.

तो खिडकीशी गेला आणि केसपेपर काढून आला. बाकावर डाव्या टोकाला जागा होती, रंजना तिथं बसली, तिच्या उजव्या हाताला वाल्मिक. दाराआडून कंपाउंडर नावं पुकारत होता. बसलेल्यांतलं कुणी ना कुणी दर थोड्या वेळानं उठून आत जात होतं, आणि वाल्मिकला त्यांचं उठणंच काय ते दिसत होतं.

"रंजना," तो म्हणाला, "मनं नाव पुकारं की सांगजो."

रंजना उठली, प्लास्टरचा हात छातीशी धरून त्याच्यासमोरून पलीकडे गेली, आणि त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला दाटीवाटीनं जागा करून बसली.